डिस्चार्ज कार्डावर मनासाठीही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की आपल्या वर्तमानपत्रासह सगळीकडे स्तनांच्या कॅन्सरवर लेख येऊ लागतात. गाठ कशी ओळखावी, कधी दाखवावी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कोणी करावी, ही माहिती त्यांत असते आणि ती हवीच. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला, असा जागतिक अंदाज आहे. ऑक्टोबरच्याच १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. त्या दिवशी परीक्षेचा ताण, नोकरीचा ताण यांवर लिहिले जाते. पण स्तन काढून घरी आलेल्या बाईचे मन कोणत्या अवस्थेत असते, याबद्दल दोन्हीकडच्या लेखांत फारसे काही सापडत नाही.

आम्ही शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, हाताचे व्यायाम आणि समुपदेशन या कामांतल्या काही जणी आहोत. आमची मागणी छोटी आहे, म्हणून ती आधीच सांगतो आणि कारणे मागून देतो. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड देतात, त्यावर ड्रेन (जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी) कधी काढायचा, टाके कधी, गोळ्या कोणत्या, ओपीडीत कोणत्या वारी यायचे, हे सगळे तारखेनिशी लिहिलेले असते. त्याच कार्डावर मनाच्या तपासणीच्याही तीन तारखा लिहाव्यात आणि ती तपासणी करणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. तारीख नसलेली सूचना कोणी पाळत नाही, आणि ‘काही वाटले तर या’ असे तोंडी सांगितलेले तर दवाखान्याच्या फाटकापर्यंतही टिकत नाही.

तीनच तारखा का, आणि कोणत्या? पहिली तारीख शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. तेव्हा बाई घरी असते, बहुधा ड्रेन लावलेलाच असतो. रबरी नळी आणि तिच्या टोकाला दाबलेली प्लास्टिकची बाटली. तिच्यात जमणारे लालसर पाणी रोज मोजून वहीत लिहायचे आणि २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आले की काढायची वेळ जवळ आली असे समजायचे. हे मोजमाप घरोघरी नीट होते. बाटली गाऊनच्या आत लटकवायला कापडी पिशवीही शिवली जाते. पण ती बाटली कोणाला दिसू नये म्हणून बाई दिवसभर खोलीबाहेर येत नाही, भेटायला आलेल्यांना तोंड दाखवत नाही, याची नोंद वहीत होत नसते. जखम पहिल्यांदा पाहण्याचा प्रसंगही याच दिवसांतला.

दुसरी तारीख केमोच्या दुसऱ्या फेरीच्या सुमारास. स्तनांच्या कॅन्सरसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच केमो औषधांनी पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस जातात. आपल्याकडे डोक्यावरून केस उतरण्याला जो अर्थ चिकटलेला आहे, तो पणजी-आजीच्या काळापासूनचा आहे आणि वैधव्याशी जोडलेला आहे. शिकल्या-सवरल्या घरातही सासूला सुनेचे, किंवा आईला लेकीचे बोडके डोके पाहवत नाही ते त्यामुळेच, आणि ही नजर बाईला बरोबर कळते. उशीवर पुंजके सापडण्याआधी केस खांद्यापर्यंत किंवा त्याहून आखूड कापून घेतले, तर धक्का बराच कमी होतो. हे पहिल्या केमोच्या आधी सांगायला हवे. नंतर सांगून उपयोग नाही. बहुतेकींचे केस उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत दिसण्याजोगे परत येतात, हेही त्याच वेळी सांगावे.

तिसरी तारीख सगळे उपचार संपल्यानंतर तीन महिन्यांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत जास्त चुकते. रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला की घरात पेढे वाटतात. डबा आणणाऱ्या शेजारणी, सुट्टी काढून आलेली बहीण, रोज फोन करणारे दीर-जाऊ आपापल्या कामाला लागतात. ‘सुटलीस बाई,’ असे सगळे म्हणतात. इतके महिने बाईचे दिवस ओपीडी, रक्ततपासणी, केमोची खुर्ची, रेडिएशनचे टेबल यांत बांधलेले होते. तिला रडायलाही सवड नव्हती. ती सवड आता मिळते. शिवाय दवाखान्यात जाणे थांबले म्हणजे आजारावरचा पहारा उठला, असे वाटून भीती वाढते. ती कोणाला सांगता येत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ती बरी झालेली असते.

आता तपासणी म्हणजे काय, ते. त्यासाठी यंत्र लागत नाही. जगभर वापरले जाणारे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले? आणि उदास, खिन्न, निराश वाटते, असे किती दिवस झाले? अजिबात नाही म्हणाली तर ०, काही दिवस म्हणाली तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळजवळ रोज तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा अधिक आली, की नऊ प्रश्नांची पुढची प्रश्नावली घ्यायची. तिचे गुण ० ते २७ असतात. १० किंवा अधिक गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवायचे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आले तर बेरजेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी बोलायचे. दोन प्रश्नांना दोन मिनिटे लागतात, नवांना सात-आठ.

हे दोन प्रश्न महाराष्ट्राला नवे नाहीत. तीस वर्षांपुढच्या माणसांसाठी आशाताई घरोघरी जो असंसर्गजन्य आजारांचा तपासणी फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का हा प्रश्न आहे आणि शेवटच्या भागात हेच दोन मनाचे प्रश्न आहेत. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी आलेल्या आहेत. अडचण अशी की हा फॉर्म आजार शोधण्यासाठी आहे. गाठ सापडली, बाई मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेली, स्तन काढून गावी परतली, की तिच्याकडे पुन्हा हा फॉर्म घेऊन जाण्याची वेगळी सूचना नसते. रुग्णालयाने तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना एक पत्र धाडले आणि आशाताईंना ‘या घरी या तीन तारखांना हे दोन प्रश्न विचारा’ एवढे कळले, तरी काम सुरू होईल. मात्र या भेटीचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे. आधीच्या कामांवर फुकटचे आणखी एक काम लादून ते होणार नाही.

प्रश्न विचारताना काय चुकते, तेही लिहायला हवे. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नवरा, सासू किंवा मुलगा शेजारी बसलेला असताना विचारणे. उत्तर ‘बरं आहे’ असेच येते. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवतातच, तीच वेळ साधावी. दुसरी चूक ‘टेन्शन नाही ना घेत?’ असे विचारणे. या वाक्यात उत्तर आधीच घालून दिलेले आहे. तिसरी चूक जाणकारांकडूनही होते. थकवा, भूक नसणे, झोप न लागणे, वजन घटणे ही नैराश्याची लक्षणे खरी, पण केमोचीही तीच आहेत. म्हणून कधी केमोच्या थकव्याला नैराश्य समजले जाते, आणि त्याहून अधिक वेळा नैराश्याला ‘केमो चालू आहे, असं होणारच’ म्हणून सोडून दिले जाते. अशा वेळी शरीराची लक्षणे बाजूला ठेवून मनाची पाहावीत. नातवंड समोर आले तर चेहरा उजळतो का? आवडीची मालिका लावली तर त्यात मन रमते का? ‘मी घरावर ओझं झालेय’ हे वाक्य वारंवार येते का? थकलेली बाई अंथरुणातूनही ‘आमटीला कोकम टाकलंस का’ असे विचारते. खचलेली बाई विचारत नाही.

रडणाऱ्या प्रत्येकीला नैराश्य असते असे मुळीच नाही. अवयव गेल्यावर दुःख होणारच. ते लाटेसारखे येते, ओसरते, मधे चांगले तासही येतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, कशानेच न हलणारी उदासी असेल तर ती तपासायची.

मनावर उपचार सुरू करण्याआधी काही गोष्टी रक्तात पाहाव्या लागतात, आणि इथे हयगय फार होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांतले काहीही कमी असेल तरी माणूस मलूल, मंद आणि रडवेला होतो. केमोसोबत डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड देतात. त्याने दोन-तीन दिवस झोप उडते, चिडचिड होते, बाई रात्री दोन वाजता कपाट आवरायला घेते. औषध थांबले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम गळून जाते. घरचे म्हणतात, हिला झालेय तरी काय. हे आधी सांगितलेले असले तर कोणी घाबरत नाही. तोंडी घ्यायची गोळी शक्यतो सकाळीच घ्यावी, संध्याकाळी घेऊ नये, आणि तसे बसते का ते डॉक्टरांना विचारावे. केमोमुळे किंवा बीजकोश काढल्यामुळे पाळी अचानक थांबली, तर जो बदल एरवी तीन-चार वर्षांत सावकाश होतो तो काही आठवड्यांत होतो. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप तुटते, आणि महिनाभर झोप तुटलेल्या माणसाचे मन ठिकाणावर राहत नाही. गर्भाशयाच्या किंवा बीजकोशाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या चाळिशीच्या आतल्या बायकांना तर हे सगळे एकाच वेळी सोसावे लागते, आणि त्यांच्याविषयी आणखी कमी बोलले जाते.

गोळ्यांबाबत एक गोष्ट ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेन ५ ते १० वर्षे रोज घ्यावी लागते. ही गोळी जशीच्या तशी फारसे काम करत नाही. यकृतातले एक विकर (एन्झाइम) तिचे खऱ्या कामाच्या द्रव्यात रूपांतर करते. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधे नेमके तेच विकर अडवतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असताना ती शक्यतो टाळतात. व्हेनलाफॅक्सिन किंवा एसिटॅलोप्रामसारखे पर्याय उपलब्ध आहेत, आणि व्हेनलाफॅक्सिनने अंगातल्या वाफाही कमी होतात. निवड डॉक्टरांनीच करायची आहे. बाईने एवढेच करावे, की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना कॅन्सरच्या गोळ्यांची पाकिटे आणि कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना मनाच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आधीपासून पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने बदलून देतात. हे पत्र वाचून कोणी गोळी थांबवली, असे होता कामा नये.

नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होते. नेमकी इथेच पुष्कळ जणी गोळी सोडतात, कारण त्रास आधी आणि गुण नंतर, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. बरे वाटू लागल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. याउलट झोपेसाठी म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी पटकन हातात पडते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. ती काही दिवसांसाठी ठीक. दोन-चार आठवड्यांपलीकडे तिची सवय लागते, स्मरण बिघडते, आणि खालची उदासी तशीच राहते.

आता व्रणाकडे येतो. जखम पहिल्यांदा पाहणे हा ड्रेसिंगचा भाग आहे असे आम्ही मानतो. तो प्रसंग न्हाणीघरात एकटीवर ओढवू देऊ नये. करायचे ते असे. बाईला आधी शब्दांत सांगावे: छातीची ही बाजू सपाट असेल, आडवी किंवा तिरकी रेघ असेल, कडेला थोडी सूज आणि निळसरपणा असेल. मग तिला बसवून ठेवावे. उभे राहून पाहताना भोवळ येते. आरसा देण्याआधी ती स्वतः मान खाली करून पाहील. त्यानंतर कपड्यावरून हात ठेवायचा, मग थेट त्वचेवर. जागा बधिर लागेल, ते अपेक्षित आहे. काहींना नसलेल्या स्तनात खाज किंवा कळ जाणवते. त्यात वेडेपणा काही नाही, नसांची ती जुनी सवय असते. जखम पूर्ण भरल्यावर रोज दोन-तीन मिनिटे साधे खोबरेल बोटांना लावून व्रणावर हलके फिरवावे. रेडिएशन चालू असेल तेव्हा काय लावायचे ते तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. पंधरा-वीस दिवसांत बोटांना त्या जागेची ओळख होते. नवऱ्याने सोबत असावे की नसावे हे तिने ठरवायचे, आणि तिला नको असेल तर त्याने मनाला लावून घेऊ नये. आजच पाहा, धीट हो, अशी घाईही करू नये. पण महिना उलटूनही ती अंधारात अंघोळ करत असेल, कपाटाचा आरसा चादरीने झाकत असेल, तर तिसऱ्या तारखेची वाट न पाहता समुपदेशकाला बोलवावे.

कपड्यांचा विषय क्षुल्लक मानतात. पण बाई घराबाहेर पडते की नाही, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते. पहिले सहा ते आठ आठवडे ब्राच्या आत घालायचा मऊ सुती कृत्रिम स्तन वापरावा. घरी करायचा तर धुऊन मऊ झालेले सुती कापड घ्यावे, थेंबाच्या आकाराची पिशवी शिवावी, कापूस भरावा. नुसता कापूस हलका असतो. बसमध्ये वरची दांडी धरायला हात उचलला की तो वर सरकतो, आणि दहा लोकांत पदर सावरताना जो जीव जातो त्यानंतर ती बाई पुन्हा बसमध्ये चढत नाही. म्हणून आत खालच्या बाजूला मोहरीची छोटी थैली घालावी आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे एका पातळीत येईपर्यंत वजन कमी-जास्त करावे. धुताना थैली काढून ठेवता यावी, नाहीतर मोहरी भिजून कुबट वास येतो. ब्राच्या आतून पातळ कापडाचा खिसा शिवावा, म्हणजे सरकण्याची भीती राहत नाही. जखम भरल्यावर, आणि रेडिएशन झाले असेल तर कातडी शांत झाल्यावर, सिलिकॉनचा घ्यावा. तो वजनदार असल्याने पाठ आणि मान एका बाजूला झुकत नाही. रोज साध्या साबणाने धुवावा, पुसून त्याच्या खोक्यात ठेवावा, आणि साडीची पिन त्याच्या जवळपासही लावू नये. एका भोकाने तो वाया जातो. ब्लाऊज पुढून हुकांचा, बाही सैल आणि कोपरापर्यंत. शिंप्याकडे माप द्यायला जाण्याचा संकोच असेल तर जुना बसणारा ब्लाऊज मापाला पाठवावा.

शस्त्रक्रियेआधी विचारायचा एक प्रश्नही इथेच सांगतो, कारण नंतरच्या पुष्कळ दुःखाचे मूळ ‘मला कोणी विचारलंच नाही’ यात असते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या अनेक जणींमध्ये फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून, रेडिएशन देऊन स्तन वाचवता येतो. इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच आढळले. प्रत्येकीला ते शक्य नसते. गाठीचा आकार, जागा, संख्या, जवळ रेडिएशनची सोय, असे बरेच काही पाहावे लागते. पण ‘माझ्या बाबतीत स्तन वाचवता येईल का, नसेल तर का नाही, शस्त्रक्रियेने स्तनाची पुनर्रचना आता की नंतर’ हे सहीच्या आधी विचारण्याचा तिचा हक्क आहे. वय साठ असले तरी. ‘आता या वयात काय करायचंय’ हे वाक्य डॉक्टरांच्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या तोंडी येऊ नये.

हाताचे आणि मनाचे नाते फार जवळचे आहे. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढताना दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक बारीक नस बऱ्याचदा दुखावते किंवा कापली जाते. तिथे बधिरपणा आणि मधूनच चटका राहतो. बाईला वाटते, आजार हातात उतरला. हे एका वाक्यात समजावले तर किती रात्रींची झोप परत मिळते! शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे सुरू करावे. ड्रेन निघेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. ड्रेन निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटले की, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढायचे, दिवसातून तीनदा, दर वेळी दहा फेऱ्या. जिथवर बोटे पोचतील तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. ज्या दिवसांत सगळेच घटताना दिसते, त्या दिवसांत भिंतीवरच्या खुणा वर चढताना दिसतात. हा व्यायाम आम्ही खांद्याइतकाच मनासाठी सांगतो. बांगडीची खूण मनगटावर नेहमीपेक्षा खोल उमटू लागली, हात जड वाटू लागला, तर सूज सुरू झाली असे समजून लगेच दाखवावे. खुरपणी-कापणीवर जाणाऱ्या बाईला हात गेला म्हणजे रोजंदारी गेली. तिच्या उदासीवर गप्पांनी औषध होणार नाही. कोणते काम कधीपासून, किती वजन, हे तिला लिहून द्यावे लागेल.

घरच्यांसाठी थोडे. कॅन्सर स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही. बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशननंतर बाईच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातवंडाला मांडीवर द्यावे. जखम भरल्यावर पती-पत्नींच्या जवळिकीला मनाई नाही. केमोच्या काळात मात्र गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी आणि कंडोम वापरावा. बहुतेक घरांत नवरा ‘तिला त्रास नको’ म्हणून दुसऱ्या खोलीत झोपू लागतो, आणि ती ‘मी नकोशी झाले’ असे समजते. दोघेही बोलत नाहीत. हळदीकुंकवाला बोलावणे थांबवू नये, आणि ती आली तर तिच्या छातीकडे पाहू नये.

‘पॉझिटिव्ह राहा, खचलीस तर आजार परत येईल,’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण ते क्रूर आहे. उदास झाल्यामुळे कॅन्सर परततो, याला भक्कम पुरावा नाही. या वाक्याने बाईला स्वतःच्या रडण्याची भीती वाटू लागते आणि ती ते लपवते. उदासीचे खरे नुकसान दुसरीकडे आहे: खचलेली बाई टॅमॉक्सिफेनची गोळी चुकवते, तपासणीची तारीख टाळते, व्यायाम सोडते. म्हणून उदासीवर उपचार हवेत. तोपर्यंत घरात करता येण्याजोगे म्हणजे रोज ठरावीक वेळी उठणे, सकाळी दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्याला पाच मिनिटे वाढवत चालणे, आणि दिवसाचे एक छोटे काम तिचे तिच्याकडेच ठेवणे. देवाजवळ दिवा लावणे असो की किराण्याची यादी करणे. सगळी कामे काढून घेतली की विश्रांती मिळते असे घरच्यांना वाटते. ‘आता माझी गरज उरली नाही’ असे तिला वाटते.

मरणाचे बोलणे तिने काढले तर विषय बदलू नका. ‘जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का,’ असे शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आले तर तिला एकटी सोडू नये, घरातल्या गोळ्या आणि शेतावरची फवारणीची औषधे कुलपात टाकावीत, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येते. घरच्यांनीही फोन करून ‘आम्ही काय करू’ असे विचारले तर चालते.

पैशांचा अडसर कायद्याने बराच दूर केलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांसाठीही वैद्यकीय विमा द्यायचा आहे, आणि कलम १८ ने मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतात. या उपचारांच्या पॅकेजमध्येच तीन वेळची मनाची तपासणी, गरज पडल्यास सहा समुपदेशन भेटी आणि एक कृत्रिम स्तन व दोन खिशाच्या ब्रा यांचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी राज्य सरकारला आमची विनंती आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. केमोच्या खुर्च्यांचा आराखडा करताना दार लावून बोलता येईल अशी एक छोटी खोलीही त्यात धरावी. बांधकाम झाल्यावर ती खोली मिळत नाही. मग समुपदेशन जिन्याखाली किंवा औषधांच्या खिडकीजवळ होते आणि कोणी तोंड उघडत नाही.

हे सगळे मंजूर होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलावर शिक्क्यांचा डबा असतोच. त्यात आणखी एक रबरी शिक्का ठेवायला कोणाच्या मंजुरीची फार वाट पाहावी लागू नये. तो डिस्चार्ज कार्डावर टाके काढायच्या तारखेच्या खाली उमटवायचा. मजकूर असा असावा:

मनाची तपासणी (रुग्ण एकटी असताना): १) तारीख ____ गुण ____ २) तारीख ____ गुण ____ ३) तारीख ____ गुण ____ विचारणाऱ्याचे नाव ____ गुण ३ किंवा अधिक असल्यास नऊ प्रश्नांचे गुण ____ ते १० किंवा अधिक असल्यास कोणाकडे पाठवले ____ टेली-मानस १४४१६

आपल्या,
कॅन्सर शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, व्यायामोपचार आणि समुपदेशन करणाऱ्या काही जणी